विश्लेषण : रबराच्या कारखान्यात छापखाना कसा आला?

चित्रकाराला घरी कागद, रंग आणि खिडकीजवळची जागा पुरते. मुद्राचित्रकाराचे तसे नाही. त्याचे यंत्र लोखंडी, शेकडो किलो वजनाचे. ते भाड्याच्या खोलीत चढवायचे कोणी? स्कॉटलंडमधील 'एडिंबरा प्रिंटमेकर्स' या संस्थेने १९६७ मध्ये त्यावर सोपा तोडगा काढला. यंत्र संस्थेचे, ते शिकून घेऊन आणि शुल्क भरून कलाकारांनी वापरायचे. ब्रिटनमधला हा अशा प्रकारचा पहिला खुला स्टुडिओ मानला जातो.

काम कसे चालते?

लिथोग्राफीचेच पाहा. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात, मग आम्ल मिसळलेल्या गोंदाने ते पक्के करतात. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर टिकते, तेलकट रेषांवर नाही. त्यामुळे रोलरची शाई फक्त रेषा धरतात. छपाई संपली की दगड घासून कोरा करायचा. तोच पुढच्या कलाकाराला मिळतो. राजा रविवर्मा यांची चित्रे आपल्याकडे घरोघरी पोहोचली, ती दगडावरच्या याच छपाईमुळे. एचिंगमध्ये तर धातूचा पत्रा आम्लात बुडवावा लागतो. हवा खेळती नसलेल्या घरात तो उद्योग न केलेलाच बरा.

कारखानाच का?

जड यंत्रांना भक्कम जमीन हवी, प्रशस्त जागा हवी. संस्थेचा आधीचा स्टुडिओही एका जुन्या सार्वजनिक धुलाईघरात होता. २०१९ मध्ये ती फाउंटनब्रिज भागातील 'कॅसल मिल्स'मध्ये आली. १८५६ मध्ये सुरू झालेल्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीच्या प्रचंड कारखान्यातली ही उरलेली एकमेव इमारत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी सुमारे १२ लाख जोड गमबूट या कंपनीने बनवले. पुढे ही जागा बिअरच्या कारखान्याकडे गेली. तोही बंद पडला आणि इमारत ओस पडली.

पैसा कुठून आला?

नूतनीकरणाला सुमारे १ कोटी १० लाख पौंड लागले. छापील चित्रे विकून एवढी रक्कम उभी राहत नाही. लॉटरीच्या वारसा निधीसह सार्वजनिक अनुदानांचा त्यात मोठा वाटा होता. पण अशी अनुदाने इमारतीसाठी एकदा मिळतात, शाई, वीज आणि तंत्रज्ञांचे पगार दर महिन्याला लागतात. म्हणून स्टुडिओखेरीज इथे कलादालने, दुकान आणि कॅफेही आहेत.