पहाटे चारचं दुखणं

"चालल्यावर काहीच व्हत नाही. पहाटंच आवळून येतंय." पोखर्णीच्या एका शेतकऱ्याचं हे बोलणं कानावर पडलं, आणि त्याची टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, होईल त्या दिवशी आपणही परभणीला जायचं, असं मी ठरवलं. पोखर्णी हे परभणी-परळी लोहमार्गावरचं नृसिंहाचं गाव. बावन्न वर्षांचा हा माणूस दिवसभर रानात राबतो आणि पहाटे चारच्या सुमाराला छातीतल्या कळेनं उठून बसतो. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. एका दवाखान्यानं त्याला गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं होतं.

टीएमटीच्या खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता. तंत्रज्ञ ताईंनी त्याच्या छातीवरचे केस काढले, कातडी घासली, इलेक्ट्रोड चिकटवले, रक्तदाब घेतला. "मामा, दांड्यावर भार टाकू नका. ८५ टक्के गाठायचेत."

हे ८५ टक्के दिवसभर त्या खोलीत ऐकू येतात. २२० मधून वय वजा करायचं: १६८. त्याचे ८५ टक्के म्हणजे मिनिटाला १४३ ठोके. अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरच्या १९६३च्या पद्धतीप्रमाणे दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, तिसरा साडेपाचाचा. मामा अनवाणी चालत होते. ताईंचं अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं त्यांच्या चेहऱ्यावर. "भरून येतंय का? डाव्या हातात काही?" मामा नुसती मान हलवायचे. नऊ मिनिटं झाली, १४३ मागे पडले, ईसीजीची रेघ जागची हलली नाही. रिपोर्ट निगेटिव्ह.

हा निगेटिव्ह शब्द मला टोचला. रक्तवाहिनी चरबीनं अरुंद झाली असेल, तर हृदयाला पळवल्यावर रक्त कमी पडतं आणि ईसीजी ते दाखवतो. ते काम पट्टा करतो. पण काहींच्या वाहिनीची भिंतच अचानक आवळते, कधी कधी तर अँजिओग्राफीत स्वच्छ दिसणाऱ्या वाहिनीचीही. आणि हे बहुतेकदा विश्रांतीत होतं, मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत. मायरन प्रिंझमेटल यांनी १९५९ साली असे रुग्ण नोंदवले: कळ असताना ईसीजीतला एसटीचा भाग वर चढलेला, कळ गेली की पूर्ववत. दुपारी बारा वाजता ८५ टक्के गाठून पहाटे चारचं उत्तर कसं मिळणार? थॅलियम स्कॅनचंही तेच. आता त्यात बहुधा टेक्नेशियम वापरतात आणि ताणाखाली रक्त कुठवर पोचलं ते दिसतं. पण त्या घटकेला वाहिनी आवळलेली नसेल, तर स्कॅनही स्वच्छ येऊ शकतो. पक्का पुरावा हवा तर कॅथलॅबमध्ये वाहिनीत अॅसिटिलकोलीन सोडून ती आवळते का ते पाहावं लागतं. ही चाचणी सगळीकडे होत नाही.

ताईंनी एक गोष्ट केली. फॉर्मवर वेळेचा रकाना नाही. त्यांनी कोपऱ्यात पेनानं लिहिलं, 'पहाटे ४, झोपेत. चालताना नाही. बिडी.' माझ्या मते त्या दिवशीची खरी तपासणी ती ओळ होती.

डॉक्टरांनीही आधी तीच वाचली. चोवीस तास ईसीजी टिपणारा हॉल्टर लावायचं ठरलं, आणि मोठा अडथळा नाही ना, हे पाहायला अँजिओग्राफी. रोजची गोळी डिल्टियाझेमची, कळ आली तर जिभेखाली ठेवायची वेगळी. बीटा-ब्लॉकर टाळली, कारण अशा आवळण्यात तिनं त्रास वाढू शकतो. बिडी आजपासून बंद, हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण धूम्रपान हे या दुखण्याचं मोठं कारण.

मामांची बायको तोवर गप्प होती. तिनं विचारलं, "रातच्याला कळ आली तर किती येळ थांबायचं?"

"बसवून जिभेखालची एक गोळी द्यायची. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर १०८ला फोन."

"पाचच?"

"पाचच, मावशी."