पंपाची सवय कुणाला लागते?

बॉटनी डाउन्समध्ये दिवाळी ऐन वसंतात येते. ऑकलंडच्या पूर्वेकडच्या या उपनगरात तेव्हा रायग्रासचे परागकण वाऱ्यावर असतात आणि मी ज्या काउंटरवर औषधं देते तिथे दम्याचे निळे पंप भराभर संपतात. रांगेत मराठी घरंही असतात. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या पिशवीतून हमखास अस्थालिनचा असाच निळा पंप निघतो.

नाशिकहून आलेले एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, हा निळाच बरा. दोन वेळा ओढला की श्वास मोकळा. त्या दुसऱ्यात स्टेरॉइड असतं, त्याची सवय लागते." हे मी अनेकांच्या तोंडून ऐकते. भीती अगदीच खोटी नाही, पण ती भलत्याच पंपाला चिकटली आहे.

आजोबांनी पंप हलवला, स्पेसरला लावला, दाबला आणि सावकाश श्वास घेऊन रोखून धरला. काही मिनिटांत खांदे खाली आले, वाक्यं मधे न तुटता पुरी होऊ लागली. बाहेरून दिसतं ते एवढंच. छातीत मात्र त्याच वेळी दुसरं काम सुरू झालेलं असतं.

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल ॲड्रेनलिन या संप्रेरकाची नक्कल करतं. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंच्या पेशींवर ॲड्रेनलिनसाठी बीटा-2 रिसेप्टर असतात. प्रत्येक रिसेप्टर म्हणजे 413 अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या आवरणातून सात वेळा ओवलेली. बाहेरच्या बाजूने औषध येऊन बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो.

पण कुठलीही पेशी एकच निरोप अखंड ऐकत बसत नाही. दाराची बेल कुणी वाजवतच राहिलं तर घरातला माणूस आधी तिची तार काढतो, मग बेल उतरवून आत ठेवतो आणि शेवटी भंगारात देतो. रिसेप्टरच्या बाबतीतही क्रम हाच.

पहिली पायरी काही सेकंदांपासून मिनिटांची. एक एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं आणि निरोप पुढे जाणं थांबतं. अशा सात वेळा ओवलेल्या रिसेप्टरांच्या कुळावरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग तेच अरेस्टिन रिसेप्टरला क्लॅथ्रिनकडे नेतं. क्लॅथ्रिन हे तीन पायांचं प्रथिन. केंब्रिजमध्ये बार्बरा पिअर्स यांनी 1970 च्या दशकात ते शुद्ध करून त्याला नाव दिलं. हे तीन पाय एकमेकांत अडकून जाळी विणतात, आवरणाला आत खळगा पडतो, डायनामिन हे दुसरं प्रथिन त्याची मान आवळतं आणि रिसेप्टर असलेला बुडबुडा पेशीत सुटतो. आत किंचित आम्लता असते. तिथे औषध गळून पडतं, फॉस्फेट निघतात आणि बरेच रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर जाऊन बसतात. म्हणून अधूनमधून घेतलेल्या एखाद्या पफने पेशीचं फारसं काही जात नाही.

औषध तासन्‌तास येतच राहिलं तर मात्र रिसेप्टरवर युबिक्विटिन हा 76 अमिनो आम्लांचा शिक्का बसतो. शिक्का असलेले रिसेप्टर निवडून लायसोसोमकडे पाठवले जातात. 1955 मध्ये ख्रिश्चन द दुव यांनी नाव दिलेल्या या पिशव्यांमधल्या तीव्र आम्लतेत एन्झाइमं त्यांचे तुकडे करतात. मोडलेला रिसेप्टर परत येत नाही. पेशीला नवा घडवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

आजोबांना हे जाणवत का नाही? श्वासनलिकेच्या स्नायूंवर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त रिसेप्टर असतात. काही कमी झाले तरी पफ घेतल्यावरचा आराम लगेच नाहीसा होत नाही. आधी कमी होतं ते संरक्षण: थंड हवा, धावपळ, परागकण यांनी नळ्या पटकन आवळू लागतात. मग माणूस पंप आणखी वेळा ओढतो.

न्यूझीलंडने साल्ब्युटामॉलच्याच कुळातल्या एका औषधाची मोठी किंमत मोजली आहे. 1976 मध्ये इथे फेनोटेरॉलचा पंप आला. त्याच्या एका पफमध्ये 200 मायक्रोग्रॅम औषध, साल्ब्युटामॉलच्या पफमध्ये 100. त्यानंतर दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः तरुणांचे, झपाट्याने वाढले. 1989 मध्ये वेलिंग्टनच्या ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, रिचर्ड बीझली आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये या वाढीचा संबंध फेनोटेरॉलशी जोडला. त्यावर कडाडून वाद झाला. पुढच्या वर्षी माल्कम सिअर्स आणि ड्युनेडिनच्या संशोधकांनी दाखवलं, की फेनोटेरॉल गरजेपुरतं घेण्यापेक्षा रोज नेमाने घेतल्यावर बहुतेकांचा दमा जास्त बिघडतो. फेनोटेरॉलवर निर्बंध आले आणि मृत्यू घटले. सगळा दोष रिसेप्टरांच्या घटीवर टाकता येणार नाही. हृदयावरचा परिणाम आणि आराम पडतोय म्हणून उपचाराला झालेला उशीर, यांचाही त्यात विचार होतो.

आता ज्याला सगळे घाबरतात तो पंप. श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड नळ्यांची सूज उतरवतं, हे त्याचं मुख्य काम. शिवाय ते पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचून बीटा-2 रिसेप्टरचं जनुक अधिक जोमाने वाचायला लावतं, म्हणजे नवे रिसेप्टर घडायला मदत करतं. ज्याच्यावर सवय लावण्याचा आळ आहे, तोच निळ्या पंपाची जागा राखत असतो. न्यूझीलंडच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बारा वर्षांच्या आणि त्यावरच्या दमेकऱ्यांसाठी नुसत्या निळ्याऐवजी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेल्या पंपाला पसंती दिली आहे. धाप लागली की हाच ओढायचा. आरामाबरोबर दर वेळी थोडं स्टेरॉइडही पोटात नव्हे, थेट नळ्यांत जातं.

निळा पंप देताना मी स्क्रीनवर आधीच्या पंपाची तारीख बघते. एका डब्यात 200 पफ असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर दम्याचा जोराचा झटका येण्याचा धोका वाढतो, असं जागतिक दमा मार्गदर्शिका सांगते. तारखा जवळ येऊ लागल्या की निळा नाकारायचा नसतो, कारण धाप लागलेल्याला तो हवाच. पण सोबत डॉक्टरांची वेळ घ्यायला लावते, आणि त्यांना विचारायचा प्रश्न औषधाच्या पिशवीवर मराठीत लिहून देते: "मला स्टेरॉइडचा पंप रोज लागेल का?"