आगोटीच्या यादीत वायपरचं रबर



मे महिना लागला की आपली आगोटीची धावपळ सुरू होते. सुकी मासळी, मसाला, कांदे, सरपण, कौलांची डागडुजी. मिरगाआधी सगळं उरकायचं असतं. या यादीत आज आणखी एक जिन्नस घालूया. गाडीच्या वायपरचं रबर.

कुणी म्हणेल, हे ड्रायव्हरचं काम, बायकांना काय त्याचं? पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जायचं तर जीपशिवाय सोय नाही. कुणाच्या घरी कर्ज काढून घेतलेली गाडी आहे. चढाच्या, चिखलाच्या वाटेसाठी कुणी मुद्दाम फोर व्हील ड्राइव्ह घेतली आहे. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी चिखलातून निघते, हे खरं. पण समोरचं वळण चाकांना दिसत नाही, ते चालवणाऱ्याला दिसावं लागतं. कशेडी, वरंध किंवा आंबेनळी घाटात पाऊस आणि धुकं एकदम उतरलं, की काच साफ ठेवणारी ती रबराची पट्टीच आपल्या सगळ्यांना सांभाळते.

आणि वायपर हा काही निव्वळ पुरुषांचा विषय नाही. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये पाहिलं, की हिमवर्षावात चालकाला समोरचं दिसत नाही. त्यांनी आत बसून हाताने चालवता येईल असा वायपर तयार केला आणि १९०३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

आता रबर खराब का होतं ते बघू. आठ महिने वायपर जवळपास बंदच असतो. गाडी उन्हात उभी असते, काच तापते आणि तिला टेकलेलं रबर सुकून कडक होतं. वर धूळ आणि लाल माती बसते. मग पहिल्या पावसात वायपर लावला की पाणी निपटत नाही, उलट काचेवर चिखल फासला जातो.

तपासायचं कसं? काचेवर पाणी ओता आणि वायपर चालवून बघा. पाण्याच्या रेघा राहतात का, मधेच एखादा पट्टा कोरडा होत नाही का, वायपर करकरतो किंवा उड्या मारत जातो का? मग दांडा उचलून रबरावरून बोट फिरवा. कड तडकलेली, फाटलेली किंवा कडक लागली तर रबर बदलायचं. आपल्याकडच्या पावसात दरवर्षी मे महिन्यात बदललेलं बरं.

निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची कड पुसा. काचेवर आधी भरपूर पाणी ओता, मगच पुसा. कोरड्या काचेवर वायपर चालवला तर मातीचे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या ओरखड्यांवर पसरतो. रबराला रॉकेल, डिझेल किंवा तेल लावू नका, त्याने रबर खराब होतं आणि काचेवर तेलकट थर बसतो. पाणी उडवणाऱ्या टाकीत स्वच्छ पाणी भरलेलं ठेवा.

बदलायचं कसं? दोन्ही बाजूंच्या पात्यांची लांबी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही मोजा किंवा जुनी पाती दुकानात घेऊन जा. चावी बंद करा. काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. दांड्याला स्प्रिंग असते, रिकामा दांडा सुटून आपटला तर काच तडकते. दांडा उभा करा. हुकाजवळचा खटका दाबा आणि पातं दांड्याच्या बुडाकडे सरकवून हुकातून काढा. नवं पातं हुकात घालून ‘टक्’ आवाज येईपर्यंत ओढा. रबरावर प्लॅस्टिकचं वेष्टण असेल तर काढा. दांडा हळूच खाली टेकवा आणि पाणी मारून बघा. पातं नवं असूनही काच नीट पुसली जात नसेल, तर दांडा वाकला आहे किंवा स्प्रिंग ढिली झाली आहे. मग गॅरेजला दाखवा.

एक लक्षात ठेवा. घाटात काच आतून धुरकटली तर वायपर कितीही जोरात लावला तरी उपयोग नाही. काचेवर गरम हवा किंवा एसी सोडा. ते नसेल तर खिडकी थोडी उघडा आणि कोरडं फडकं हाताशी ठेवा. तरीही दिसत नसेल तर गाडी सुरक्षित जागी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबा.

ज्या गटाने गाडीसाठी कर्ज दिलं आहे, त्याने मे महिन्याच्या बैठकीत हप्त्याबरोबर एक प्रश्न विचारावा, “वायपर बदलला का?” आणि ज्यांची गाडी नाही, त्यांनी भाड्याच्या जीपमध्ये बसण्याआधी काचेकडे एकदा बघावं. विचारायला संकोच कशाला? चालू स्थितीतला वायपर कायद्यानेच सक्तीचा आहे. आणि त्या जीपमध्ये आपल्या मांडीवर आपलंच लेकरू असतं.