एफएम खरखरतंय? आधी तार बघा

रायपूरहून बोलतोय. होम थिएटरच्या रिसीव्हरवर एफएम खरखरलं की लोक बूस्टर आणायला धावतात. थांबा! बूस्टर गाण्यासोबत खरखरही वाढवतो. डब्यातली टी आकाराची तार आपल्याकडे बहुधा टीव्हीमागे गुंडाळलेली असते. ती आधी सोडवा, आडवी ताणून खिडकीजवळ लावा. तिची लांब बाजू टॉवरकडे हवी, टोक नको.

कौलारू घरात एवढं पुरतं. सळ्यांचा स्लॅब मात्र लहरी अडवतो. मग गच्चीवर जा. एफएमचा पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झ. मधल्या 98 ची लहर साधारण 3 मीटरची. म्हणून तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी 73 सेंटिमीटर, एका रेषेत. डिशला लागते तीच केबल घ्या: आतली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. तरीही खरखर? एलईडी दिवे एकेक बंद करून ऐका.