फडातलं शहाणपण, फळ्यावरचा धडा

दसरा उलटला की अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला गाळपाचे वेध लागतात. अंकुशराव टोपे यांच्या नावाने वसलेल्या या गावाची ओळख म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखाना. मराठवाड्यातला कुठलाही कारखाना पेटतो तो तोडणी कामगारांच्या जिवावर. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे शाळेच्या वर्षाचा ऐन मधला काळ त्यांची मुलं कोपीत काढतात. धाकट्या भावंडाला सांभाळणं, पाणी आणणं, वाढं गोळा करणं हे त्यांचं काम. या मुलांना शाळेत बसवायचं कसं, यावर आपल्याकडे पुष्कळ विचार झाला. पण शाळेने त्यांच्याकडून काय शिकावं, हा प्रश्न मागेच राहिला. तो विचारण्याची आपली परंपरा मात्र जुनी आहे.

१८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेची पायरी नुकतीच चढलेल्या समाजातली ही मुलगी आपल्याच लोकांचं जगणं हा अभ्यासाचा विषय करत होती. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. त्याच निवेदनात मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, आरोग्य यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक धडे आणि शक्य तिथे छोटी नमुनाशेती हवी, असं त्यांनी सुचवलं. शिक्षक होता होईतो शेतकरी वर्गातलेच असावेत, कारण लोकांत मिसळून त्यांच्या गरजा तेच समजून घेतील, हा त्यांचा आग्रह होता. काय शिकवायचं आणि कोणी शिकवायचं, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले.

परक्या भाषेतल्या शाळेचा काच मराठवाड्याने स्वतः सोसला आहे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं होतं. तेव्हा हिप्परगा आणि अंबाजोगाई इथल्या राष्ट्रीय शाळांनी वेगळी वाट धरली. या दोन्ही शाळांत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

भाषेसारखाच आपल्या अनुभवाचाही प्रश्न होता. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखलं गेलं. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे आणि ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात याच परिसरात दलित साहित्याला व्यासपीठ दिलं. योगायोग असा की, नोव्हेंबर १९६८ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातले कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन आणि मूलनिवासी विद्यार्थी आपला इतिहास अभ्यासक्रमात हवा म्हणून संपावर गेले. जवळपास पाच महिने चाललेल्या या लढ्यातून तिथे वांशिक समाजांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. १९९५ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी आपलं जगणं अभ्यासात आणण्याच्या या विचाराला वर्गातल्या अध्यापनाची चौकट दिली. मुलाने अभ्यासात खरोखर पुढे जावं, आपल्या संस्कृतीशी नातं राखावं आणि भोवतालच्या अन्यायाला प्रश्न विचारावा, अशा या चौकटीच्या तीन अटी आहेत. यातली पहिली अट विसरून चालत नाही. मुलाच्या संस्कृतीचं कौतुक करायचं आणि त्याला वाचता येतं की नाही हे बघायचंच नाही, ही फसवणूक आहे.

हे प्रत्यक्ष करता येतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवलं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. बिया, पानं, शिंपले हे तिथलं शैक्षणिक साहित्य झालं.

ऊसतोडणीच्या मुलांसाठी ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि या मुलांना जवळच्या नियमित शाळेत सामावून घेण्यावर भर आला. हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड, २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृह योजना हे सगळं आवश्यकच आहे. पण याच कायद्याचं एकोणतिसावं कलम अभ्यासक्रमाने मुलाच्या ज्ञानाची बांधणी करावी आणि शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं, असंही सांगतं. त्याकडे कोण पाहतं?

तोडणी कामगाराच्या मुलाला उसाच्या मोळ्या मोजता येतात, गाडीच्या खेपा लक्षात राहतात, वजनकाट्यावरचा आकडा घरच्या पोटाशी कसा जोडलेला आहे ते कळतं. टनाचा दर आणि उचलीची फेड यांतून गुणाकार, भागाकार, टक्केवारी शिकवता येईल. गाव ते कारखाना या वाटेचा नकाशा हा भूगोलाचा पहिला धडा होऊ शकेल. बंजारा तांड्यावरून आलेलं मूल घरात गोरबोली बोलत असेल, तर पहिलीच्या वर्गात त्या बोलीला जागा हवी. आईवडिलांना कमी दर का मिळतो, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न आहे.

यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं लागेल, पूरक पुस्तिका काढाव्या लागतील आणि तोडणी कुटुंबांतून शिकून वर आलेल्या तरुणांना शिक्षक म्हणून नेमावं लागेल. जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितलं ते हेच होतं. अंकुशनगरसारख्या प्रत्येक कारखान्याच्या परिसरातली शाळा गाळप हंगामापुरती तरी या पद्धतीने चालावी, ही मागणी आता शिक्षण खात्याकडे आणि साखर कारखान्यांकडे एकाच वेळी करायला हवी. पटावर नाव चढलं म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही. आपलं घर, आपली भाषा आणि आईबापाचं कष्टाचं ज्ञान अभ्यासात मानाने आलं, तरच तो हक्क पुरा होईल.