विचारपूस करण्याची विद्या

मुलगी पदवीधर झाली की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात : विषय कोणता, आणि नोकरी कधी? आमच्या पळसदरीतल्या एका गृहस्थांची पहिल्याच प्रश्नाला पंचाईत होते. त्यांची कन्या यंदा डिझाईनची पदवीधर झाली. खास विषय 'वापरकर्ता-संशोधन'. "लोक वस्तू कशा वापरतात हे बघत बसायचं म्हणे! त्याला कॉलेज कशाला हवं, सर?" असे त्यांनी मला विचारले.

कन्या माझी जुनी विद्यार्थिनी. तिलाच बोलावून मी तिच्या अभ्यासाची हकिकत ऐकली, आणि वाचकहो, कॉलेज कशाला हवे ते मला उमगले.

तिने विषय घेतला होता म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा. "गोळ्या वेळेवर घेता ना?" असे विचारले की प्रत्येक आजी "घेते की गं बाय!" म्हणूनच सांगे. मग हिने प्रश्न विचारणे सोडले आणि नुसती शेजारी बसू लागली. दोन सकाळी गेल्या, आणि खरी गोष्ट दिसू लागली. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापलेली. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख नेमकी कापलेल्या तुकड्यावर गेलेली. आजी गोळी ओळखतात रंगावरून. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, रंग बदलला, की ओळख मोडली! एक आजी तर रक्तदाबाची गोळी अर्धीच घेत. का? तर कर्जतला औषधासाठी पुन्हा जायचे ते गाडीच्या वेळा सांभाळून. तेव्हा आहे ते पुरवलेले बरे. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते. डॉक्टर रागावतील ना!

मुलीने प्रथम सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र अशा चार कप्प्यांची सुबक डबी करून दिली. आठवड्याने पाहते तो डबीत सुपारी, सुई आणि सुटे पैसे! आजींचा दिवस घड्याळाने चालतच नव्हता. तो पाणी भरणे, भात शिजणे, दिवा लावणे यांनी चालत होता. तेव्हा गोळ्या चुलीजवळच्या फळीवर आणि देवाच्या दिव्यापाशी अशा दोन पुड्यांत गेल्या. दुकानदारालाही विनंती केली : पट्टी कापाल तर नाव आणि तारीख राहील अशी कापा. खर्च शून्य!

ही विद्या काही कालपरवाची नव्हे. मुंबईकरांना १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दूध वसाहतीच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. मुंबईच्या जे. जे.त शिकलेले सुधाकर नाडकर्णी १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या उल्म येथील प्रसिद्ध डिझाईन-शाळेत गेले. तिथल्या अंतिम परीक्षेसाठी त्यांनी प्रकल्प निवडला तो मुंबईतल्या दूधविक्री केंद्राचा! अशा केंद्राचा विचार करायचा म्हणजे काय? भरल्या बाटल्या कुठून आत याव्यात, रिकाम्या कुठे ठेवाव्यात, पहाटेच्या पावसात रांग कुठे उभी राहावी, देणाऱ्याला किती वेळा वाकावे लागते, हे सारे पाहायचे. म्हणजे पुन्हा आधी माणूसच पाहायचा. पुढे १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक डिझाईनचे केंद्र निघाले, त्याच्या उभारणीत नाडकर्ण्यांचा मोठा वाटा होता.

'वापरकर्ता' हा शब्द मात्र माझ्या मराठीच्या कानाला खडबडीत लागतो. आपल्या भाषेत त्याहून जुना नि गोड शब्द आहे : विचारपूस. नुसते विचारणे निराळे, आणि विचारपूस निराळी. तिच्यात बसणे आहे, थांबणे आहे, समोरच्याची लाज राखणे आहे. या मुलीच्या शास्त्राचा पहिला नियमही तोच : वस्तू वापरता आली नाही, तर चूक माणसाची नव्हे, वस्तूची समजावी. आयुष्यभर "तुला कळत नाही" हेच ऐकलेल्या आजीला हे केवढे मोठे औषध!

आता नोकरीचे. ती मिळेल, बँकांना, इस्पितळांना, फोनवरून माल विकणाऱ्यांना अशी माणसे हवीच आहेत. पण आजी कुठे अडखळते हे ज्याला कळले, त्याला तिला हात देता येतो, तसे गोड बोलून नको ती वस्तू तिच्या गळ्यातही मारता येते. विद्या एकच. म्हणून मुलामुलींना पगार किती हे विचाराल तेव्हा आणखी एक विचारा : तुम्ही ज्यांच्याकडे पाहत बसता, त्यांच्या पदरात शेवटी काय पडते?