लांबच्या क्रूझसाठी मोठं जहाज चांगलं की लहान? यवतमाळहून निघणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एवढं वाचाच

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मायामीहून 'सेरेनेड ऑफ द सीज' नावाचं जहाज जगाच्या फेरीवर निघालं. २७४ रात्री, साठहून जास्त देश. प्रवाशांनी पहिल्या आठवड्यापासूनच व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. केबिन कशी आहे, आज जेवायला काय, कुणाचं कुणाशी जमत नाही, सगळंच लोक मालिकेसारखं बघायला लागले. टिकटॉक आपल्याकडे बंद असलं तरी तेच व्हिडिओ रील्स होऊन आपल्या मोबाइलवर आले.

तेव्हापासून "रिटायर झालो की एक मोठी क्रूझ करायची" हे वाक्य वऱ्हाडातही ऐकू यायला लागलं. यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण जहाजांशी नातं जुनं आहे. इथला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मग आगबोटीने इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. कापूस गेला, माणसं मात्र फारशी गेली नाहीत. आता ती जायचं म्हणतायत, तेही पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन. म्हणून जहाज कसं निवडायचं हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही.

मोठ्यात मोठं जहाज लांब जातच नाही

त्या रील्समध्ये एक गोष्ट क्वचितच कुणी सांगितली. सेरेनेड हे रॉयल कॅरिबियन या कंपनीचं जहाज. जगातली सर्वात मोठी प्रवासी जहाजं याच कंपनीकडे आहेत. सेरेनेड सुटल्यानंतर दीडेक महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, तिने 'आयकॉन ऑफ द सीज' समुद्रात उतरवलं. ३६५ मीटर लांब, २० डेक, आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० प्रवासी. म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं गावच.

तरीही नऊ महिन्यांच्या फेरीवर कंपनीने आयकॉनसारखं जहाज पाठवलं नाही. पाठवलं ते २००३ सालचं, साधारण २,१०० प्रवाशांचं मध्यम जहाज. आयकॉन मायामीहून आठवडाभराच्या फेऱ्या मारतं, कॅरिबियन बेटांना शिवून परत येतं.

याचं कारण साधं आहे. प्रचंड जहाज हे स्वतःच बघायचं ठिकाण असतं. वॉटर पार्क, नाट्यगृह, बर्फावरचं स्केटिंग, वीसेक हॉटेलं. सात दिवसांत ते पुरून उरतं. पण शंभर दिवस त्याच घसरगुंडीवर कोण बसणार? लांबच्या प्रवासात माणूस जहाज बघायला जात नाही, बंदरं बघायला जातो. आणि बंदरांच्या बाबतीत फार मोठं जहाज अडचणीत येतं.

धक्का कुठे मिळतो, कुठे नाही

इटलीतल्या व्हेनिसचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ पासून तिथे शहराच्या मध्यातून जाणाऱ्या मुख्य जलमार्गात २५,००० टनांवरच्या जहाजांना बंदी आहे. अंटार्क्टिकाचा नियम तर आणखी कडक आहे. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून तिथे कुणालाच किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि लहान जहाजातूनही एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. मोठ्या जहाजाच्या जाहिरातीत 'अंटार्क्टिका' दिसलं तर समजा की तुम्ही तो डेकवरून बघणार आहात, पाय ठेवणार नाही.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे लक्षद्वीप. तिथे मोठ्या क्रूझ जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लोकांना छोट्या बोटींतून नेतात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हे नीट ऐकावं. हलणाऱ्या जहाजातून हलणाऱ्या बोटीत पाय टाकणं एसटीत चढण्याइतकं सोपं नसतं. म्हणून बुकिंग करताना बंदरांची यादी हातात घ्या आणि एजंटला विचारा, यातल्या किती ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागतं? उत्तर देता आलं नाही तर दुसरा एजंट बघा.

यात भर म्हणजे गर्दी. तीन-चार हजार माणसं एकाच सकाळी एका छोट्या गावात उतरली तर अर्धा दिवस रांगेतच जातो. सहाशे-सातशे माणसं असतील तर नाश्ता करून निघालात तरी गाव बघून होतं.

टन म्हणजे वजन नव्हे

क्रूझच्या माहितीपत्रकात 'ग्रॉस टनेज' असा आकडा असतो. बरेच जण त्याला जहाजाचं वजन समजतात. प्रत्यक्षात जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती आहे, त्यावरून हा आकडा काढतात. तो प्रवाशांच्या संख्येने भागला की माणशी किती जागा येते याचा अंदाज मिळतो. इंजिन आणि कर्मचाऱ्यांची जागाही त्यात धरलेली असते, त्यामुळे हा अंदाजच, पण उपयोगी.

मुंबईहून जाणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे १९९० मध्ये बांधलेलं जहाज सुमारे ४८,५०० टनांचं आहे आणि त्यात दीड हजारांहून जास्त प्रवासी मावतात. 'वायकिंग' या कंपनीची समुद्रातली जहाजं जवळजवळ तेवढीच, सुमारे ४८,००० टनांची. पण त्यात प्रवासी फक्त ९३० च्या आसपास. आकार तोच, माणसं जवळपास निम्मी. एम्प्रेसवर भागाकार तिशीच्या आसपास किंवा त्याखाली येतो, वायकिंगवर पन्नासच्या पुढे. आयकॉनवर एका केबिनमध्ये दोघं धरले तर ४४, आणि जहाज पूर्ण भरलं तर ३३ च्या खाली.

अर्थात एम्प्रेसच्या फेऱ्या दोन ते पाच रात्रींच्या असतात आणि तेवढ्यासाठी ती जागा पुरते. लग्नघरात दोन दिवस गादीला गादी लावून झोपता येतं. चार महिने येत नाही. माझं मत विचाराल तर महिन्याच्या वरच्या प्रवासाला हा भागाकार ४० च्या खाली असेल तर ते जहाज सोडून द्यावं, मग ते कितीही चकचकीत असो.

बोट लागण्याचं गणित

"लहान जहाज फार हलतं" हे खरं आहे, पण अर्धंच. लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर आणि जहाजाची लांबी, या दोहोंचा मेळ महत्त्वाचा. दर ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटांमध्ये हे अंतर साधारण १०० मीटर असतं. २९० मीटरचं जहाज अशा दोन-तीन माथ्यांवर एकदम टेकलेलं असतं, म्हणून फारसं झुलत नाही. १०० मीटरचं जहाज मात्र प्रत्येक लाटेबरोबर चढतं आणि उतरतं. पण खोल समुद्रात १२ सेकंदांच्या लाटा आल्या की अंतर सव्वादोनशे मीटरवर जातं, आणि मग मोठ्या जहाजातही पोटात कालवायला लागतं.

आजकालच्या बहुतेक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात. ते जहाजाचं डावीकडे-उजवीकडे डोलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होतं, त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज नसतो. म्हणून केबिन निवडताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची घ्या. झोपाळ्याच्या कडीजवळ कमी हिंदकळतं, तसंच. गंमत म्हणजे बऱ्याचदा याच केबिन स्वस्त असतात, आणि वरच्या टोकाची महागडी बाल्कनी घेणारा रात्रभर डोकं धरून बसतो.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून गोळी ठरवावी. आणि थेट ६० दिवसांचं बुकिंग करू नये. हे पुढे सांगतोच.

दवाखाना कुठवर पुरतो?

शंभर किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणं आंतरराष्ट्रीय करारानेच बंधनकारक आहे. म्हणजे शंभरावर माणसं नेणाऱ्या लहान जहाजावरही डॉक्टर असतोच. मोठ्या जहाजावर एकापेक्षा जास्त डॉक्टर आणि एक्स-रे, व्हेंटिलेटर अशी सोय साधारणपणे जास्त. पण अँजिओप्लास्टी यातल्या कुठल्याच जहाजावर होत नाही. गंभीर झालं तर पुढच्या बंदरावर उतरवतात, किनारा आवाक्यात असेल तर हेलिकॉप्टर बोलावतात. तो खर्च ऐकून धस्स होईल असा असतो.

म्हणून मोठं-लहान करण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, मार्गात सलग किती दिवस समुद्रातच जातात. अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडताना हा आकडा पाच-सहाच्या पुढे जातो. दोन, विम्यात 'मेडिकल इव्हॅक्युएशन' आहे का. बीपी, शुगर, स्टेंट असं काहीही असेल तर ते विमा अर्जात लिहा. लपवलं तर दावा फेटाळला जातो, आणि तेव्हा तुम्ही परदेशातल्या दवाखान्यात असता.

जेवणाचं थोडक्यात. मोठ्या जहाजावर भारतीय जेवणाचे पर्याय जास्त मिळतात, लहान जहाजावर आचाऱ्याशी ओळख होते आणि तो तुमच्यासाठी वेगळं करून देऊ शकतो. शाकाहारी किंवा जैन असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. ज्वारीच्या भाकरीची आशा मात्र दोन्हीकडे सोडा.

जहाज बुडत नाही, कंपनी बुडते

या विषयातला खरा धोका इथे आहे. एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश क्रूझेस'चं 'कर्णिका' मोठ्या गाजावाजाने मुंबईहून सुरू झालं. दीड वर्षात कंपनी बंद पडली आणि २०२० च्या शेवटी ते जहाज गुजरातच्या अलंगला भंगारात गेलं. 'लाइफ अॅट सी' नावाने तीन वर्षांची जगफेरी विकली गेली होती. निघायची तारीख उलटून गेल्यावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, ती रद्द झाली, कारण ठरलेलं जहाज दुसऱ्याच कंपनीने घेतलं. काहींनी त्यासाठी राहतं घर सोडलं होतं. २०२४ मध्ये 'व्हिला व्ही ओडिसी' दुरुस्तीपायी बेलफास्टमध्ये चार महिने अडकलं. हे जहाज १९९३ सालचं.

यातली शेवटची दोन लांबच्या सफरी विकणाऱ्या नव्या योजनांची उदाहरणं आहेत. एकच जहाज असलेल्या नव्या कंपनीकडे ते बिघडलं तर दुसरं नसतं. म्हणून लहान जहाज घ्या, पण अनेक जहाजं चालवणाऱ्या जुन्या कंपनीचं घ्या. पूर्ण रक्कम वर्षभर आधी देऊ नका. रद्द झालं तर पैसे किती दिवसांत आणि कुणाकडून परत मिळणार, कंपनीकडून की एजंटकडून, हे लेखी घ्या. मार्ग बदलला तर बहुतेक करारांत भरपाई मिळत नाही. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२४ मध्ये अनेक जगफेऱ्या आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, सेरेनेडही त्यातच होतं.

यवतमाळहून निघताना

आधी मुंबईहून तीन-चार रात्रींची फेरी करून बघा, पावसाळा सोडून. बोट लागते का, केबिनमध्ये कोंडल्यासारखं होतं का, नवरा-बायकोला इतका वेळ एकमेकांच्या सहवासात चालतं का, सगळं कळतं. मग दोन आठवड्यांची सफर. ती जमली तर लांबचा विचार.

जहाज कुणासाठी थांबत नाही. धामणगाव किंवा नागपूरहून रेल्वेने गेलात आणि गाडी सहा तास लेट झाली, तर धक्क्यावरून नुसतं टाटा करावं लागेल. एक दिवस आधी मुंबईत पोचा. परदेशी बंदरातून बसणार असाल तर दोन दिवस आधी.

लांबच्या सफरीत व्हिसा हे स्वतंत्र काम आहे. शेंगेन व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज स्पेनहून मोरोक्कोला जाऊन परत युरोपात आलं तर तो दुसरा प्रवेश धरला जातो. एका देशाचा व्हिसा नसेल तर कंपनी तुम्हाला सुरुवातीलाच जहाजावर घ्यायला नकार देऊ शकते. छापील भाड्यावर रोजची टिप, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट आणि आपल्याकडचा टीसीएस हे सगळं वेगळं. टीसीएस आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच.

आणि जहाजाने किनारा सोडला की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुतेक वेळा बसत नाही. रील टाकायचीच असेल तर जहाजाचं वायफाय घ्या, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत थांबा.